डिफेन्ससाठी सिव्ह निवडताय? भिंत बघू नका, कोठार बघा

राजारामपुरीतल्या आमच्या शनिवारच्या एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेमच्या बैठकीत नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सिव्हचा (सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायला निवडायची संस्कृती). "दादा, मला अटॅक जमत नाही. डिफेन्ससाठी कुठली सिव्ह घेऊ?" उत्तर मिळायच्या आत त्यानं कोरियन घेतलेले असतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कोरियनांचे टॉवर लई भारी. अर्ध्या तासानं बघावं तर तटाच्या आत दहा टॉवर, शेतं ओस, दगड संपलेला आणि बाहेर समोरच्याचे ट्रेब (ट्रेबुशे, लांबून दगड फेकून इमारती पाडणारी यंत्रं) मांडून तयार.

हा लेख अशा पोरांसाठी आहे. गेम एज ऑफ एम्पायर्स २, २०१९ साली आलेली डेफिनिटिव्ह एडिशन. मूळ गेम १९९९ चा, पण आज खेळायला हीच आवृत्ती घ्या. तिच्यात आर्ट ऑफ वॉर नावाचे सरावाचे धडे आहेत, ते आधी करा. पॅच, म्हणजे गेमचा अपडेट, आला की बोनसचे आकडे वरखाली होतात, म्हणून सिव्ह पक्की करण्यापूर्वी गेममधला टेक ट्री (त्या सिव्हला कोणते सैनिक, इमारती आणि अपग्रेड मिळतात त्याचा तक्ता) उघडून एकदा ताळा करून घ्यायची सवय लावा.

पायरी १: बचावाचा हिशेब समजून घ्या

बचावाने खेळणं म्हणजे समोरच्यानं हल्ल्यावर जेवढं खर्च केलं त्यापेक्षा कमी खर्चात तो थांबवणं, आणि उरलेलं सगळं आपल्या वाढीला लावणं. त्याचे (अन्न, लाकूड, सोनं, दगड मिळून) ५०० गेले आणि तुमचे २०० गेले, तर भिंत पडली तरी तुम्ही पुढे आहात. उलट त्यानं चार घोडे फिरवून तुम्हाला दहा टॉवर बांधायला लावले, तर एकही व्हिलेजर (शेती, खाणकाम, बांधकाम करणारा माणूस) न मरता तुम्ही मागे पडलात. दहा टॉवर म्हणजे १२५० दगड, वर लाकूड वेगळं. तेवढ्यात जवळजवळ दोन कॅसल होतात, कारण एका कॅसलला ६५० दगड लागतो.

साध्या मॅपवर सुरुवातीला हातात २०० दगड असतो. त्यात एक टॉवर होतो, किंवा ५ दगडांना एक या हिशेबानं दगडी भिंतीच्या ४० चौकटी. पण दुसऱ्या टाऊन सेंटरलाही (व्हिलेजर तयार होतात ती मुख्य इमारत) १०० दगड लागतो, आणि बचावाच्या खेळात ते दुसरं टाऊन सेंटर टॉवरपेक्षा जास्त मोलाचं असतं. सुरुवातीचा दगड घाईनं उडवला की पुढची वीस मिनिटं त्याची उणीव भासत राहते.

आपण कोल्हापूरकर पन्हाळ्याला जातो तेव्हा तीन दरवाजा आणि सज्जा कोठी बघून खाली उतरतो. पुढच्या वेळी अंबरखान्यात जास्त वेळ थांबा. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं किल्ल्याच्या पोटात किती जागा घेतात ते बघा. मग अंधारबावीत उतरून बघा, पाणी कसं तटाच्या आत राखलंय. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चमध्ये पडला आणि जुलैपर्यंत गड लढत राहिला. तटाइतकाच तो या कोठारांच्या आणि पाण्याच्या जोरावर टिकला. तरीही महाराजांना जुलैच्या पावसातल्या रात्री बाहेर पडून विशाळगड गाठावा लागला, कारण वेढा उठत नव्हता. नुसतं बसून राहिल्यानं वेढा सुटत नाही, हे गेममध्येही शंभर टक्के खरं आहे.

म्हणून सिव्ह निवडताना मी आधी तिचं कोठार बघतो: लढाई चालू असताना शेतं, लाकूड आणि व्हिलेजर यांचं चक्र ती किती स्वस्तात फिरतं ठेवते. मग बघतो की तिच्याकडे बाहेर पडायची वाट आहे का. भिंत आणि टॉवर त्यानंतर.

पायरी २: आधी मॅप, मग सिव्ह

अरेबिया हा उघडा मॅप. इथं दोन जंगलांच्या मधल्या मोकळ्या जागा तुम्हालाच बुजवायच्या असतात आणि हल्ला फ्यूडल एजमध्येच दारात येतो (गेममधली युगं चार: डार्क, फ्यूडल, कॅसल, इम्पिरियल). स्वस्त सैनिक लवकर देणारी सिव्ह इथं कामाची. एरिना मॅपवर सुरुवातीपासून चहूबाजूंनी दगडी तट असतो, त्यामुळे खरा हल्ला कॅसल एजनंतर येतो आणि तो वेढ्याच्या यंत्रांचा असतो. तिथं मजबूत इमारती आणि शेवटच्या युगात दम असलेली सिव्ह घ्या. ब्लॅक फॉरेस्टवर घनदाट जंगलातून अरुंद वाटा असतात, त्या बुजवायला सोप्या. मात्र ओनेजर (दगडफेकीचं यंत्र) झाडं पाडतो, आणि ज्या बाजूनं कुणी येणार नाही असं तुम्ही धरून चाललेला असता तिथूनच नवी वाट निघते. हाइडआउटवर लाकडी कुंपण आयतं मिळतं. अगदी नवख्यानं तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही.

पायरी ३: टेक ट्री उघडा आणि तीन गोष्टी शोधा

पहिली: सोनं न लागणारे सैनिक. भालेवाला, स्कर्मिशर (तिरंदाजांवर चालणारा भालाफेक्या) आणि हलका घोडेस्वार या तिघांना फक्त अन्न आणि लाकूड लागतं. सोन्याच्या खाणी संपल्या की लांबलेला गेम यांच्यावरच चालतो. यांची शेवटची अपग्रेड सिव्हकडे आहेत का?

दुसरी: अन्न आणि लाकडाचा पुरवठा. स्वस्त शेत, वेगवान शेतकरी, स्वस्त टाऊन सेंटर, यातलं काहीतरी हवं, नाहीतर सैनिक तरी स्वस्त हवेत.

तिसरी: वेढा मोडायचं हत्यार. बॉम्बार्ड कॅनन (तोफ), चांगले घोडे किंवा दमदार ओनेजर. यातलं एकही नसेल तर ती सिव्ह नवख्या बचावखोरानं घेऊ नये.

पायरी ४: निवड

माझं पहिलं उत्तर कायम बायझंटाईन. नवीन माणसाला मी दुसरी सिव्ह सुचवतच नाही.

त्यांच्या इमारतींची ताकद युगागणिक वाढते: डार्क एजमध्ये १० टक्के जास्त, फ्यूडलमध्ये २०, कॅसलमध्ये ३० आणि इम्पिरियलमध्ये ४०. ही वाढ भिंतीला मिळते आणि घरांनाही. पण त्यांचा खरा जीव आहे भालेवाले, स्कर्मिशर आणि उंट २५ टक्के स्वस्त असण्यात. हिशेब करून बघा. समोरचा फ्रँक्स ही सिव्ह घेऊन नाइट (जड घोडेस्वार) पाठवतोय. एका नाइटला ६० अन्न आणि ७५ सोनं, एकूण १३५. साध्या भालेवाल्याला ३५ अन्न आणि २५ लाकूड, म्हणजे ६०. बायझंटाईनांना तोच ४५ ला पडतो. त्याच्या एका घोड्याच्या किमतीत तुमचे तीन भालेवाले उभे राहतात, तेही सोन्याला हात न लावता. भालेवाल्याला घोड्यावर मुळातच जादा वार मिळतो. अशा देवाणघेवाणीत तो पाच मिनिटं अडकला की त्याचं सोनं आटतं आणि तुमचं तिजोरीत साठत जातं.

त्या साठलेल्या सोन्याचं काय करायचं तेही या सिव्हमध्येच आहे. इम्पिरियल एजला जायला इतरांना १००० अन्न आणि ८०० सोनं लागतं, बायझंटाईनांना ३३ टक्के कमी. बचावावर असलेला माणूस सहसा युगात मागे पडतो, इथं तो समोरच्याच्या आधी पोचू शकतो. तिरंदाज आले तर स्कर्मिशर, घोडे आले तर भाले किंवा उंट, पायदळ आलं तर कॅटाफ्रॅक्ट (त्यांचा खास घोडेस्वार), तट फोडायचाय तर बॉम्बार्ड कॅनन. प्रत्येकाला उत्तर आहे, आणि नवख्याला कशावर काय चालतं हे याच सिव्हमधून सगळ्यात लवकर कळतं.

उणिवाही लक्षात ठेवा. ब्लडलाइन्स (घोड्यांचा जीव वाढवणारं) आणि ब्लास्ट फर्नेस (वार वाढवणारं) ही अपग्रेड नसल्यानं त्यांचे साधे घोडे समोरासमोर टिकत नाहीत आणि पायदळाचा वार थोडा हलका पडतो. अर्थव्यवस्थेला थेट बोनस कुठलाच नाही. त्यामुळे स्वस्त सैनिकांवर वाचलेलं लाकूड शेतात घातलं नाही, तर ही सिव्ह घेऊन फायदा शून्य.

दुसरी निवड ट्यूटन्स. ज्याला एका वेळी दहा ठिकाणी लक्ष देणं जमत नाही त्याच्यासाठी ही उत्तम. शेत ४० टक्के स्वस्त, म्हणजे ६० लाकडाचं शेत ३६ ला. शेतं पुन्हा पुन्हा पेरावी लागतात, त्यामुळे लांबलेल्या गेममध्ये या बोनसचा ढीग होतो. टाऊन सेंटरमध्ये १५ ऐवजी २५ जण शिरतात. माणसं आत शिरल्याशिवाय टाऊन सेंटर बाण सोडत नाही, आणि आत जितकी जास्त तितके बाण जास्त. म्हणजे अचानक धाड पडली तर घंटा वाजवायची, व्हिलेजर आत घ्यायचे आणि तिथूनच मारा करायचा. मर्डर होल्स फुकट मिळतं, त्यामुळे कॅसलच्या अगदी पायाला चिकटून उभ्या असलेल्या शत्रूलाही बाण लागतात. बॅरॅक्स आणि स्टेबलच्या सैनिकांना जादा चिलखत आहे.

क्रेनेलेशन्स हे त्यांचं खास तंत्र. साध्या कॅसलचा पल्ला ८ चौकटी, बाणांची तिन्ही अपग्रेड घेतली की ११. ट्यूटन्सना तिसरं अपग्रेड मिळत नाही, म्हणजे १०, आणि क्रेनेलेशन्समुळे त्यात ३ ची भर पडून १३. त्यामुळे साध्या बॉम्बार्ड कॅननच्या १२ च्या पुढे हा कॅसल मारा करतो. ट्रेबच्या १६ पर्यंत मात्र तोही पोचत नाही, आणि कॅसल बांधून निवांत झालेली पोरं नेमकं हेच विसरतात. ट्यूटन्सचे हलके घोडे आणि तिरंदाज कच्चे. बाहेर उभा ट्रेब मारायला नाइट पाठवावे लागतात, आणि तेही इतरांच्या नाइटपेक्षा सावकाश.

तिसरी कोरियन. वाईट नाहीत, पण पहिल्या महिन्यात घेऊ नका. दगड खणणारे २० टक्के वेगानं काम करतात, गार्ड टॉवर आणि कीपची अपग्रेड फुकट, तिरंदाजांच्या चिलखताची अपग्रेडही फुकट. हे सगळं वाचून हात आपोआप टॉवरकडे जातो. अनुभवी खेळाडू तोच दगड कॅसलला लावून वॉर वॅगन (त्यांचा बाण सोडणारा खास गाडा) काढतो, मागे वेढ्याची यंत्रं ठेवतो आणि टॉवर मोजून दोन-तीन बांधतो: एक सोन्याच्या खाणीजवळ, एक लाकूडतोडीजवळ. तेवढा आवर स्वतःवर आला की कोरियन जरूर घ्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्लाव्ह्सचे शेतकरी वेगवान, आणि डेटिनेट्स हे त्यांचं खास तंत्र घेतलं की कॅसल व टॉवरच्या दगडातला ४० टक्के भाग लाकडात बदलतो. दगड कमी असलेल्या मॅपवर हे सोन्यासारखं. स्पॅनिश बांधकाम ३० टक्के लवकर उरकतात, पडणारी भिंत सावरायला त्याचा उपयोग होतो. सिसिलियन टाऊन सेंटर आणि कॅसल दुप्पट वेगानं उभे करतात, शिवाय फ्यूडलपासून डॉन्जॉन (त्यांचा खास टॉवर) मिळतो. पण ती सिव्ह सांभाळायला हात बसलेला लागतो.

टाळायच्याही सांगतो. गॉथ आणि कुमन यांना दगडी भिंतच बांधता येत नाही. तुर्कांकडे तोफा जबरदस्त, पण पाइकमन (भालेवाल्याचं पुढचं अपग्रेड) नाही आणि एलिट स्कर्मिशरही नाही. सोनं संपलं की हातात उरतं फार थोडं.

आपल्याकडं हमखास विचारतात की भारतीय सिव्ह घेऊ का. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामध्ये जुन्या इंडियन्सच्या जागी हिंदुस्तानी आले, शिवाय बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर. मराठे नाहीत. यातल्यापैकी बचावाला हिंदुस्तानी बरे: व्हिलेजर स्वस्त, आणि घोडेवाल्यांसमोर त्यांचे उंट भल्याभल्यांना मागे सारतात. आवडीनं खेळायला काहीच हरकत नाही, पण शिकायला बायझंटाईनच.

पायरी ५: भिंत घालताना

अरेबियावर डार्क एजच्या शेवटी शेवटी हे काम सुरू करा. मॅपवर जंगलाचे ठिपके बघा. जंगल हीच फुकटची भिंत, तुम्ही फक्त मधल्या फटी शिवायच्या. घरं तशीही बांधायचीच असतात, एकाला २५ लाकूड, तीच फटीत बसवा. उरलेल्या जागेत पॅलिसेड, म्हणजे लाकडी कुंपण.

आता बारकावा. पाया आखला म्हणजे भिंत झाली असं नाही. व्हिलेजरचा पहिला हातोडा पडेपर्यंत शत्रू त्या आखलेल्या पायावरून खुशाल चालत येतो. म्हणून धाड समोर दिसत असेल तर दहा पाये एका ओळीत आखून निघून जाऊ नका. सगळ्यात अरुंद फट आधी पुरी करा.

दुसरं, जंगलाला टेकवलेली भिंत दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. आपलेच व्हिलेजर लाकूड तोडत तोडत आरपार जातात आणि भिंतीच्या टोकाशी माणूस जाईल एवढी वाट उघडी पडते. समोरच्याचा स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) ती वाट तुमच्या आधी शोधतो. लाकूडतोड भिंतीच्या टोकापासून लांब ठेवली की हा घोर राहत नाही. कुंपण पूर्ण झालं का ते तपासायला आतला एखादा सैनिक निवडा आणि भिंतीपलीकडे क्लिक करा. तो दरवाजा सोडून दुसरीकडूनच बाहेर निघाला तर फट आहे.

घेर लहान ठेवा. सगळा मॅप कवेत घ्यायच्या नादात लाकूड आणि वेळ दोन्ही जातात. मुख्य सोनं, दगड, एक चांगलं जंगल आणि शेतांची जागा आत आली की बास.

पायरी ६: वेढा पडल्यावर

भिंतीबाहेर रॅम (तट फोडणारे ओंडक्यांचे गाडे) दिसले तर टॉवरच्या बाणांवर विसंबू नका, रॅमला बाण जवळजवळ लागतच नाहीत. पायदळ बाहेर काढा, तेही नसेल तर व्हिलेजर लावा. तिरंदाजांचा घोळका आला तर स्कर्मिशर भिंतीच्या आतून मारतील आणि एखादा मँगोनेल (ओनेजरच्या आधीचं दगडफेकीचं यंत्र) मागे ठेवा.

ट्रेब आला की मात्र आत बसणं बंद. त्याचा पल्ला १६, तुमच्या कॅसलचा ११. तो तिथं उभा राहून सगळं पाडणार आणि तुम्ही बघत बसणार. ट्रेबला मारा करण्याआधी मांडावं लागतं आणि हलायच्या आधी पुन्हा आवरावं लागतं, तो पटकन पळू शकत नाही. म्हणून तटाला कायम दोन दरवाजे ठेवा. हल्ला ज्या बाजूनं येतोय त्याच्या विरुद्ध बाजूच्या दरवाजातून आठ-दहा घोडेस्वार काढा, लांबून वळसा घाला आणि मागून थेट ट्रेबवर सोडा. वाटेत सैनिक भेटले तरी थांबायचं नाही. एका ट्रेबला २०० लाकूड आणि २०० सोनं लागतं. दोन पडले तरी तुमचे घोडे वसूल.

तेवढ्यात पुढच्या दरवाजावर भालेवाल्यांची रांग उभी करा, म्हणजे त्याचं सैन्य मागे वळू शकणार नाही. बायझंटाईन असाल तर ही रांग पुन्हा पुन्हा भरून काढणं परवडतं.

पायरी ७: बाहेर पडायची वेळ

हल्ला मोडला आणि समोरच्याकडे सैन्य उरलं नाही, ती वेळ तुमची. नवखा बचावखोर अशा वेळी पडलेली भिंत दुरुस्त करत बसतो. भिंतीवर दोन व्हिलेजर पुरेत. बाकी सैन्य लगेच त्याच्या सोन्याच्या खाणीकडे न्या. रेलिक (पवित्र अवशेष) पडलेले असतील तर भिक्षू पाठवून मठात आणा, ते बसल्या जागी सोनं देत राहतात. टीम गेम असेल तर मित्राच्या बाजारापर्यंत व्यापाराच्या गाड्या सुरू करा, आणि ती वाट तटाच्या आडोशानं जाईल असं बघा.

सराव असा करा. बायझंटाईन घ्या, मॅप एरिना, समोर मॉडरेट पातळीचा कॉम्प्युटर. तो सहज हरायला लागला की तोच कॉम्प्युटर अरेबियावर घ्या, मग पातळी हार्ड करा. त्यानंतर ट्यूटन्स. प्रत्येक गेमचा रीप्ले साठवलेला असतो. तो लावा आणि हल्ला चालू असतानाची पाच मिनिटंच बघा: त्या वेळात तुमचं टाऊन सेंटर नवीन व्हिलेजर काढत होतं की रिकामं बसलं होतं. रिकामं दिसलं तर पुढच्या गेममध्ये सिव्ह आणि मॅप तोच ठेवा, आणि धाड पडली की सैनिकांकडे वळायच्या आधी एच दाबून टाऊन सेंटरला पाच व्हिलेजर रांगेत लावा.